बियाण्याला ठेवलेलं झाड

मला आष्ट्याहून महाबळेश्वरात दिली तेव्हा सगळ्यांनी सगळं सांगितलं होतं. थंड हवा, स्ट्रॉबेरीचं रान, पाहुण्यांना भाड्यानं द्यायच्या चार खोल्या, नवऱ्याची स्वतःची टॅक्सी. पावसाळ्यात तिथं अंबाडी येत नाही, एवढं मात्र कुणीही बोललं नाही. बोललं असतं तर मी स्थळाचा फेरविचार केला असता. हसू नका, खरंच सांगते.

ज्यांनी अंबाडी खाल्ली नाही त्यांची मला कीव येते, पण तरी सांगते. आंबट पानांची पालेभाजी ती. पानं शिजवायची, पिळायची, घोटायची, कण्या आणि शेंगदाणे घालायचे, आणि ताटात वाढल्यावर वरून लसणाची फोडणी तेलासकट ओतायची. सोबत ज्वारीचीच भाकरी हवी. झाड सरळसोट वाढतं, खोडाला बारीक काटे असतात, आणि वरची पानं पाच बोटांची, लांबट, कडेला करवतीसारखे दाते असलेली. हे पान लक्षात ठेवा. पुढचा सगळा घोळ त्या पानानं घातला.

आमच्याकडं पावसाळ्यात ऊन म्हणून दिसत नाही. भिंतींना बाहेरून प्लास्टिक लावतो, कपडे शेगडीवर वाळवतो, मिठाच्या बरणीत चमचा घातला तर पाणी निघतं. रानात अंबाडीचं बी टाकलं तर ते उगवायच्या आधीच कुजून जातं. इतकी वर्षं मी माहेराहून येणाऱ्या माणसाच्या पिशवीत एखादी जुडी येते का याची वाट बघत काढली. येईपर्यंत तिचा निम्मा चिखल झालेला असायचा.

शेवटी ही लागवड घरात करायची अक्कल मला नाही, माझ्या सासऱ्यांना सुचली. मामंजी फौजेतून सुभेदार होऊन आलेले. दात गेलेले, गुडघे दुखरे, पण पाठ ताठ. पावसाळा सुरू झाला की त्यांचं जेवण निम्म्यावर यायचं, आणि लग्नानंतर मी त्यांना माझ्या माहेरच्या या भाजीची सवय लावून ठेवलेली. मागच्या जूनमध्ये ताटावर बसल्या बसल्या ते म्हणाले, "सूनबाई, ती मागची खोली रिकामी हाय न्हवं? पोत्यात लावू की तुझी अंबाडी."

मागची खोली म्हणजे हंगामात आम्ही जिथं स्ट्रॉबेरी डब्यांत भरतो ती. उन्हाळा संपला की ती रिकामीच. पत्र्याखाली प्लायवूड ठोकलेलं, हात वर केला की छताला लागतो इतकी ठेंगणी. आम्ही खताची रिकामी पोती धुऊन घेतली, अर्ध्यावर दुमडली, बुडाला भोकं पाडली, लाल माती आणि शेणखत भरलं. उजेडाचा प्रश्न आमच्या पोरानं सोडवला. त्यानं मोबाइलवरून झाडांचे म्हणून दिवे मागवले. लावले तर खोली सगळी जांभळी! तमाशाच्या फडासारखी. मामंजी दारात उभे राहून म्हणाले, "ह्येच्यात भाजी उगवायची का नाचायला येनार?"

पोराचं आताच सांगते, कारण या सगळ्यात जीव टांगणीला होता तो त्याच्यामुळं. आमच्या मालकांना तरुणपणी भरतीत छाती कमी पडली म्हणून परत पाठवलं होतं. सुभेदाराचा पोरगा आणि टॅक्सी चालवतो, हे मामंजींना कधी पचलं नाही. तोंडानं बोलायचे नाहीत, पण टॅक्सीत पुढच्या सीटवर कधी बसायचे नाहीत. नातवावर मात्र त्यांनी लहानपणापासून डोळा ठेवला. पहाटे धावायला न्यायचं, दूध पाजायचं, पाठीत बुक्की घालून ताठ उभं करायचं. पोरगं मागच्या वर्षी भरतीत उतरलं. धावणं झालं, लेखी झालं, मेडिकल झालं. उरली होती फक्त पोलिसांची पडताळणी: घर कसं, माणसं कशी, कुणावर गुन्हा आहे का. मामंजींनी स्वतःची फौजेतली पत्र्याची पेटी माळ्यावरून काढून पुन्हा काळी रंगवली होती. पोराचं नाव मात्र पांढऱ्या रंगानं लिहायचं ठेवलं होतं. पडताळणी झाल्याशिवाय ब्रश उचलणार नाही म्हणाले.

तर अंबाडी. ती त्या जांभळ्या उजेडात अशी काही उठली की छताला जाऊन टेकली. आणि तिथून आमची भांडणं सुरू झाली. मामंजींना झाड म्हणजे जवान. प्रत्येक पोत्यात बांबूची कामटी रोवायची, खोड कामटीला टाचायचं, रांग सरळ दिसली पाहिजे. मी म्हटलं, आवं मामंजी, छतातनं भोक पाडून वर जाणार आहेत का ती? शेंडा खुडा, म्हणजे बगलेतून फांद्या फुटतील. फांद्या वाकवून पोत्याच्या काठाला बांधा, म्हणजे झाड बसकं राहील आणि पानं दुप्पट मिळतील. "वाकवू? माझ्या रांगंतलं झाड वाकवू?" असं म्हणून ते माझ्याकडं असं बघायचे, जणू मी पळून गेलेल्या शिपायाची बाजू घेतेय.

मग मी माझ्या बाजूची पोती माझ्या पद्धतीनं केली. त्यांच्या बाजूची छताला डोकं आपटून वाकडीतिकडी झाली आणि माझी भरगच्च. तेव्हा कुठं त्यांनी माघार घेतली, आणि एकदा घेतली म्हणताना माझ्या वरताण केली. सुतळीनं खोड कापलं जातं म्हणून माझी जुनी सुती साडी फाडून पट्ट्या केल्या. कामटी आणि खोड यांच्यामधून आठच्या आकड्यासारखा फास, म्हणजे झाड वाढलं तरी आवळत नाही. पाखरांपासून स्ट्रॉबेरी झाकायची जाळी आणून ती खोलीभर कमरेच्या उंचीवर आडवी ताणली आणि प्रत्येक कोवळी फांदी जाळीच्या भोकातून वर काढून बाजूला वळवून बसवली. रोज सकाळी चहा झाला की तासभर विणकाम. जाळीवर पानांची अशी गादी तयार झाली की खालची पोती दिसेनात. भाजी इतकी निघाली की मालक म्हणाले, "आता मला आंबट ढेकर टॅक्सीत येतात, पाशिंजर खिडकी उघडतात."

आता पाहुणे. पावसाळ्यात आमच्याकडं धुकं बघायला पुण्या-मुंबईची तरुण पोरं येतात. त्यातला एक, पुण्याचा, केस मागं बांधलेला, बाथरूमचा बंब कुठाय म्हणून शोधत मागं गेला आणि मागच्या खोलीच्या खिडकीतून आत बघून तिथंच उभा राहिला. मी गेले तर त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

"काकू," तो कुजबुजत म्हणाला, "तुम्ही हे… घरात करता?"

"करते की. बाहेर पाऊस आहे."

"आणि जाळी! पोत्यांत! फांद्या वाकवून! काकू, लोक हे व्हिडिओ बघून बघून शिकतात. तुम्हाला कुणी शिकवलं?"

"सासऱ्यांनी," मी म्हटलं. तो सासऱ्यांच्या खोलीकडं बघून नकळत हात जोडायला गेला.

तोपर्यंत माझ्या डोक्यात प्रकाश पडला होता की हा काय समजतोय. गांजा! पानावरून आमची अंबाडी त्याला गांजा वाटली होती. एखादी शहाणी बाई म्हणाली असती, बाबा रे, ही भाजी आहे. मी शहाणी नाही. पावसाळ्यात करमणूक नसते हो! मी ओठावर बोट ठेवलं आणि म्हटलं, "कुणाला बोलू नकोस हं."

झालं. दुसऱ्याच आठवड्यात त्याचे मित्र आले, मग मित्रांचे मित्र. ऐन पावसाळ्यात आमच्या चारही खोल्या भरलेल्या, ज्या आम्ही एरवी उशा वाळवायला वापरतो. मी कधी हो म्हटलं नाही, कधी नाही म्हटलं नाही. कुणी खाली मान घालून विचारलं, "काकू, ते… मागच्या खोलीतलं काही…", की मी म्हणायची, "संध्याकाळी भाजी करते." आणि खरंच करायची. लसणाची फोडणी ओतून अंबाडी वाढायची. पोरं घास घ्यायची, एकमेकांकडं बघायची. थोड्या वेळानं एकजण म्हणायचा, "हळूहळू चढतंय." दुसरा उगाच हसायला लागायचा. एक मुलगी म्हणाली, "काकू, मला पायात हलकं हलकं वाटतंय." मी म्हटलं, "वाटायचंच बाई, मुरलेली आहे," आणि अजून एक पळी वाढली. स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडात कोंबून मी हसायची. मालक डोक्याला हात लावून बसायचे.

"आगं बये, स्टँडवर बोलायला लागलेत," ते म्हणायचे. "माझं परमिट जाईल."

"पालेभाजी खाऊ घातली म्हणून कुणाचं परमिट गेलंय का?"

आणि माझं बोलणं बरोबरच होतं, अंबाडी अंबाडी होती तोवर.

तो केस बांधलेला पोरगा दुसऱ्यांदा आला तेव्हा त्यानं मामंजींच्या हातात एक काडेपेटी दिली. आत बी होतं. "आजोबा, माझ्याकडून छोटीशी भेट. एकदम भारी जात आहे. तुमच्या हातात सोनं होईल." हे मला माहीत नव्हतं. मामंजींना वाटलं पोरगं अंबाडीवर खूश झालंय आणि कुठून तरी सुधारित बियाणं घेऊन आलंय. आता, आमच्याकडच्या माणसाला तुम्ही फुकट काही द्या, तो दहा शंका काढेल. बी द्या, एक शंका काढणार नाही. खिशात घालेल आणि जागा शोधेल. मामंजींनी ते खिडकीजवळच्या पोत्यात टोचलं. एकच उगवलं.

ते झाड इतर झाडांच्या पुढं गेलं. मामंजींचा जीव त्याच्यात. त्याला सगळ्यात चांगली कामटी, सगळ्यात मऊ पट्ट्या, जाळीत सगळ्यात ऐसपैस जागा. मी एकदा पान खुडायला गेले तर हातावर फटका! "त्येला हात लावायचा न्हाई. बियाण्याला ठेवलंय." आणि बुडाशी लाल चिंधी बांधून मोकळे झाले. आमच्याकडं वेलावरची पहिली दणकट काकडी असो, भेंडी असो की अंबाडी, बियाण्याला ठेवलं आणि चिंधी बांधली की विषय संपला. घरात भाजीला काही नसलं तरी त्याला कुणी हात लावत नाही. मीही लावला नाही. खोलीत उग्र वास यायला लागला, भिजलेल्या कुत्र्यासारखा. मला वाटलं पोती कुजलीत.

सप्टेंबर निम्मा सरला असेल. दुपारी तो पुण्याचा पोरगा पुन्हा आला, फोटो काढायचा म्हणून माझ्याबरोबर मागच्या खोलीत आला आणि लाल चिंधीपाशी जाऊन ओरडलाच, "काकू! माझं आलं की!"

"तुझं काय आलं?"

"मी आजोबांना बी दिलं होतं ते! बघा ना, तुमच्या बाकीच्या झाडांपेक्षा जात किती वेगळी आहे. खोडाला काटे नाहीत. खरं सांगू का काकू, तुमची ती जरा हलकीच वाटते. हे मात्र अस्सल आहे."

मी खोडावरून बोट फिरवलं. काटा नाही. पान चावलं. आंबट नाही. मी पोत्यावरच बसले. इतके दिवस ज्या गोष्टीचं नाटक करून मी हसत होते, ती गोष्ट माझ्याच घरात, माझ्याच साडीच्या पट्ट्यांनी बांधून, माझ्या समोर उभी होती. आणि आज-उद्या पडताळणीला पोलीस येणार म्हणून मालकांना निरोप आलेला!

"उपट," मी म्हटलं. "आधी हात घाल आणि उपट."

त्यानं एका बाजूनं ओढलं, मी एका बाजूनं. झाड हलेना. मामंजींनी त्याच्या फांद्या जाळीतून अशा विणल्या होत्या, शेजारच्या अंबाडीत अशा गुंतवल्या होत्या आणि फौजेतल्या गाठी अशा मारल्या होत्या, की एक फांदी ओढली तर अख्खी जाळी खोलीभर डुलायची. विळा आणायला मी दारात गेले, आणि अंगणात मोटारसायकल थांबली. रेनकोटातून पाणी गाळत एक हवालदार आत येत होता. पुण्याचा पोरगा माझ्या मागून असा सुटला की खोलीत जाऊन पांघरूण घेऊन झोपला, बुटासकट.

हवालदार ओसरीवर बसला. चहा घेतला. आमचं पोरगं समोर ताठ उभं, मामंजी त्याच्या शेजारी त्याहून ताठ. हवालदारानं शिक्षण विचारलं, मित्र विचारले, कागदावर लिहिलं. सगळं झाल्यावर तो म्हणाला, "आता तेवढी ती मागची खोली बघतो. स्टँडवर लोकं लय बोलत्यात. एकदा बघितली म्हंजे मला बी लिहायला बरं."

मी काही म्हणायच्या आत मामंजी उठले. "या की साहेब! बघाच!" त्यांना वाटलं कौतुकाला माणूस आला.

हवालदार आत गेला, जांभळ्या उजेडात डोळे बारीक करून बघितलं, एक पान तोडलं, चावलं, आणि त्याचा चेहराच बदलला. "आगं आई! अंबाडी! ताई, तुमी कुटल्या वो?"

"आष्ट्याची."

"मग सांगा की तसं! मी तिथलाच, वाळव्याकडचा." आणि तो लहान पोरासारखा हसायला लागला. "हितं बदली झाल्यापास्नं अंबाडी बगितली न्हाई गड्या. एक जुडी नेऊ का?"

"दोन न्या," मी म्हटलं. माझा जीव थोडा खाली आला. पण मामंजी त्याला रांगेतून फिरवायला लागले. ही गाठ अशी, ही फांदी अशी वाकवायची, शेंडा असा खुडायचा. हवालदार मान डोलावत, पानं खुडत, एकेक पोतं पुढं सरकत होता. आणि खिडकीजवळ आला. सगळ्यात टवटवीत झाड समोर. त्याचा हात लांब झाला.

"त्येला नको, साहेब!" मी ओरडले. सगळे वळून बघायला लागले. मी आवाज उतरवला. "ते बियाण्याला ठेवलंय."

हवालदाराचा हात हवेत थांबला. त्यानं बुडाशी बघितलं. लाल चिंधी. त्यानं हात मागं घेतला, शेतकऱ्याच्या घरचा कुठलाही माणूस घेईल तसा. मी मनात म्हटलं, जिंकलीस! काय डोकं चाललं! आणि तेवढ्यात मामंजी बोलले.

"व्हय साहेब, लय भारी जात हाय. फुलावर येऊन बी धरू दे, तुमाला बी मूठभर देतो. क्वार्टरच्या मागं लावा. समद्या पोलीस लाइनीत वाटा."

पोलीस लाइनीत! हवालदार मामंजींकडं बघत राहिला. मग तो म्हणाला, "द्या की आजोबा. ध्यानात ठेवा मात्र," आणि अंबाडीच्या दोन जुड्या रेनकोटाच्या आत धरून निघून गेला.

मोटारसायकलचा आवाज वळणापलीकडं गेला आणि मी मामंजींवर तुटून पडले. आयुष्यात त्यांच्यापुढं पदर सावरल्याशिवाय उभी राहिले नव्हते, त्या दिवशी सगळं काढलं. ते झाड कसलं आहे ते सांगितलं. "आणि पोलिसाला बी देता? पोलीस लाइनीत वाटता? नातवाला तुरुंगात घालायला निघाला होता! मी मध्ये पडले म्हणून वाचलं पोरगं. आजपासून तोंडाला कुलूप लावा!"

मामंजी रंगवलेल्या पेटीवर जाऊन बसले. बऱ्याच वेळानं उठले, खिशातला चाकू काढला आणि त्या झाडाची एकेक गाठ, एकेक पट्टी स्वतः कापली. एकही फांदी त्यांनी ओढून तोडली नाही. मग सगळं झाड बंबात घातलं. ओलं झाड जळतंय कुठलं, नुसता धूर! तो धूर घराभोवती धुक्यात मिसळून बसला. पांघरुणातला पोरगा वासावर बाहेर आला आणि बंबासमोर दुखवट्याला आल्यासारखा उभा राहिला. त्या संध्याकाळी बाकीच्या पाहुण्यांनी मुक्काम एक दिवस वाढवला. चढतंय चढतंय म्हणणाऱ्या एकालाही त्या रात्री काही चढलं नाही, सगळी खोकून खोकून हैराण झाली, हे मी मुद्दाम विचारून घेतलं.

पडताळणी निर्वेध झाली. मामंजींनी पेटीवर पांढऱ्या रंगानं पोराचं नाव लिहिलं, आणि पोरगं गेलं. एस.टी.त बसताना ते आजोबांच्या पाया पडलं तेव्हा मामंजी "ताठ ऱ्हा" एवढंच म्हणाले. त्यानंतर ते गप्पच झाले. मागच्या खोलीत पाऊल टाकेनात, पाहुण्यांशी बोलेनात, गावात तो हवालदार दिसला तर रस्ता बदलायचे. मला वाटलं, बरं झालं, अद्दल घडली. मी मात्र तो किस्सा माहेरी जाऊन सांगितला, जावांना सांगितला, बचत गटात दोनदा सांगितला. माझ्या एका वाक्यानं पोराची नोकरी कशी वाचली ते. प्रत्येक वेळी वाक्य जरा जास्तच बाणेदार व्हायचं.

स्ट्रॉबेरीचा हंगाम लागला आणि एक दिवस हवालदार घरी आला, साध्या कपड्यांत. मोटारसायकल बघूनच मामंजी परसात पसार झाले.

"ताई, बी धरलं का?" त्यानं विचारलं.

मी अंबाडीचं बी पुडीत बांधून ठेवलंच होतं. ते दिलं. त्यानं पुडी उघडली, बघितली, आणि हसला. "हे अंबाडीचं हाय."

"मग काय पाहिजे होतं?"

"ताई, वाळवा तालुक्यात उसात घुसून ती झाडं उपटण्यात माझी नोकरीची पहिली वर्सं गेली. वास मला दारातच आला हुता. झाड दिसल्यावर मी मुद्दाम हात घातला. म्हटलं, बघू बाई काय करती. तुमी गप बसला असता तर समजलो असतो, ह्यांना म्हाईत न्हाई. तुमी आडवलं. तवाच मी मनात म्हटलं, ह्यांना सगळं ठावं हाय. पोरगं चांगलं हाय, पन पडताळणीचा कागूद आता कोरा जाणार न्हाई."

मी पदर सावरला.

"आन् मग आजोबा म्हणले, तुमाला बी देतो, पोलीस लाइनीत वाटा." तो पुन्हा हसला, या वेळी डोळे पुसत. "समद्या नोकरीत गांजाचं बी पोलिसाला वाटणारा मानूस मी बगितला न्हाई. असं म्हणनारा मानूस लबाड असंल तर मी वर्दी उतरून ठेवीन. त्यांनी बियाणं म्हणूनच जपलं हुतं ते. त्या बोलण्यावर मी कागूद कोरा दिला. लांबच्या वळणावर उभा ऱ्हाऊन बंबाचा धूर बगितला आन् मग गेलो. तुमचं पोरगं वाचवलं ते म्हाताऱ्यानं."

तो गेला. मी तशीच उभी राहिले. माहेर, जावा, बचत गट सगळं डोळ्यांपुढून गेलं. मी ज्या वाक्याची मिजास मारत होते त्यानं पोराला बुडवलं होतं, आणि ज्या वाक्यासाठी मी त्या म्हाताऱ्याचं तोंड बंद केलं होतं त्यानं त्याला वर काढलं होतं. मला इतकं वाईट वाटलं की मी परसात गेले ती पदर डोळ्यांना लावूनच.

मामंजी स्ट्रॉबेरीच्या वाफ्याच्या कडेला उकिडवे बसून उगाच माती उकरत होते. मी त्यांना हवालदार जे बोलला ते सगळं शब्दन् शब्द सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही. खुरपं पुसलं, पुन्हा मातीत रोवलं.

"म्हंजे माझं बोलणं बरोबर हुतं म्हन की."

"व्हय मामंजी."

"आन् तुझं चुकलं."

"चुकलं."

"मग ते कुलूप काढ आता."

काढलं. त्या दिवसापासून जे सुटलेत ते आजतागायत थांबलेले नाहीत. पाहुणा आला की त्याला पुढ्यात बसवून अख्खी गोष्ट सांगतात, माझी नक्कल करून, माझ्या आवाजात "त्येला नको, साहेब!" असं ओरडून. पोरगं सुट्टीवर येतं तेव्हा त्यालाही तेच ऐकवतात, टॅक्सीच्या पुढच्या सीटवर बसून, स्टँडपासून घरापर्यंत. आणि मी मागं बसून एक शब्द बोलत नाही.